काट्यापेक्षा काठी बरी

दुचाकीच्या पेट्रोलच्या काट्यावर किती विश्वास ठेवायचा, हे चालकाला अनुभवाने ठाऊक असते. शंका आलीच तर झाकण उघडून, गाडी हलवून टाकीत डोकावता येते. अंदाज चुकला तर पंपापर्यंत गाडी ढकलायची. वैमानिकाला ही शेवटची सोय नसते. म्हणून लहान विमानाचा वैमानिक उड्डाणापूर्वी पंखापर्यंत चढतो, टाकीचे झाकण काढतो आणि आत काठी बुडवून इंधन मोजतो.

विमानात काटा असताना ही उठाठेव कशासाठी? कारण टाकीच्या आकारात आहे. बारामतीच्या आकाशातही दिसणाऱ्या ‘सेसना १७२’ या चार आसनी विमानाच्या दोन पंखांत दोन टाक्या असतात. त्याच्या ‘एस’ प्रकारात मिळून सुमारे २०० लिटर वापरण्याजोगे इंधन मावते. पंख चपटा, म्हणून टाकीही परातीसारखी रुंद आणि उथळ. परातीतल्या पाण्याची पातळी बोटभर बदलली तरी बरेच पाणी कमी-जास्त झालेले असते आणि परात जरा कलली की सगळे पाणी एका कडेला जाते. विमान वळताना, चढताना किंवा उतरत्या जमिनीवर उभे असताना इंधनाचेही तसेच होते.

अनेक विमानांत टाकीतली पातळी फ्लोटने मोजली जाते. घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्यासारखाच हा फ्लोट इंधनाबरोबर वर-खाली होतो, त्याच्या दांड्यामुळे विद्युतरोध बदलतो आणि काटा हलतो. इंधन हिंदकळले की काटाही डोलतो. जुन्या ‘पायपर कब’ विमानात तर बुचाच्या फ्लोटला जोडलेली तार झाकणातून वर डोकावत असे. तार जितकी खाली, तितके इंधन कमी! काही विमानांत विद्युतधारिता मोजणारे संवेदक असतात. हवेच्या तुलनेत इंधनात ती सुमारे दुप्पट असते, त्यावरून पातळी कळते. मात्र इंधनात पाणी शिरले की हे गणित बिघडते.

काठीचे तंत्र साधे आहे. खुणा केलेली पोकळ नळी टाकीच्या तळापर्यंत सोडायची, वरचे तोंड बोटाने बंद करायचे आणि नळी बाहेर काढायची. आत अडकलेला इंधनाचा स्तंभ पातळी दाखवतो. पण काठी त्याच विमानाची हवी, कारण खुणा प्रत्येक टाकीच्या आकारानुसार असतात. विमान सपाट जागेवर उभे असणेही आवश्यक.

नुसती काठी मात्र पुरत नाही. जुलै १९८३ मध्ये कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचे इंधनमापक बंद होते. इंधन पट्टीने मोजले गेले, पण लिटरचे किलो करताना पौंडांचा गुणक वापरला गेला. त्यामुळे गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान निघाले आणि आकाशातच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. सर्व ६९ जण वाचले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, तेथे लहान व खासगी विमानांचे वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात इंधन व्यवस्थापनातील चुकांमुळे होत होते. त्यांतील जवळपास निम्म्या वैमानिकांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता. म्हणजे हा केवळ नवशिक्यांचा प्रश्न नाही.

यावरचा उपाय म्हणजे घड्याळ. उड्डाणापूर्वी मोजलेले इंधन आणि इंजिनाला ताशी लागणारे इंधन यांवरून विमान किती वेळ उडेल ते काढायचे. त्यातला काही वेळ राखीव ठेवायचा. अमेरिकी नियमानुसार, बाहेर पाहून केलेल्या उड्डाणात तो दिवसा किमान ३० आणि रात्री ४५ मिनिटे असतो. मात्र गळती लागली तर ती घड्याळाला कळत नाही, तेव्हा काट्याकडेही लक्ष हवेच. काटा, काठी आणि घड्याळ यांचे आकडे जुळले नाहीत, तर सर्वांत कमी आकडा खरा मानून जवळच्या धावपट्टीवर उतरणे शहाणपणाचे.