छायेमागचे हात

बीजगणितात जी संख्या अजून उकललेली नसते तिला मराठी विद्यार्थी ‘क्ष’ म्हणतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाला जे किरण आढळले, त्यांचे स्वरूप त्या वेळी असेच अज्ञात होते. म्हणून त्याने त्यांना तेच नाव दिले. पुढे त्या किरणांचे कोडे उलगडले, १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिकही राँटगेनला लाभले; परंतु नाव मात्र ‘क्ष’ हेच कायम राहिले. आज रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात आणखी एक ‘क्ष’ वावरत असतो, आणि त्याची उकल सहसा कोणी करीत नाही. तो म्हणजे यंत्रापाशी उभा राहून प्रतिमा घेणारा साहाय्यक होय.

रुग्णाला विभागात दोन व्यक्तींशी काम पडते. एक क्ष-किरणतज्ज्ञ. हा वैद्यकशास्त्राचा पदवीधर असून प्रतिमा वाचतो व निदान लिहितो. दुसरा तंत्रज्ञ साहाय्यक. हा प्रतिमा सिद्ध करतो. तज्ज्ञाला रुग्ण कित्येकदा पाहावयासही मिळत नाही. त्याच्यापुढे येते ती केवळ छाया. ती छाया जर सदोष असेल, तर तज्ज्ञाची विद्वत्ता कितीही मोठी असली तरी तिचा उपयोग नाही. ‘फोटो यंत्र काढते, माणूस नुसते बटण दाबतो’ ही समजूत म्हणूनच भ्रामक आहे.

छातीच्या साध्या फोटोचे उदाहरण घ्यावे. साहाय्यक रुग्णाला यंत्राकडे पाठ करून व छाती पट्टिकेला टेकवून उभे करतो. हे असे उलटे का? तर हृदय छातीच्या पुढील भागात असते. ते पट्टिकेच्या जितके जवळ, तितकी त्याची छाया खऱ्या आकाराशी मिळती. दिव्यासमोर धरलेला हात भिंतीपासून दूर नेला की त्याची सावली फुगते, तसाच हा प्रकार. त्याच कारणासाठी किरणनलिका सुमारे १८० सेंटिमीटर अंतरावर ठेवतात. मग खांदे पुढे वळवावयास सांगतात, कारण तसे न केल्यास खांद्याची पाती फुप्फुसांवर पडतात. शेवटी ‘मोठा श्वास घ्या आणि रोखून धरा’ ही सूचना येते. फुप्फुसे हवेने भरली म्हणजे श्वासपटल खाली सरकते आणि फुप्फुसांचे खालचे कोपरे मोकळे दिसतात. शिवाय हालचाल थांबल्याने रेषा पुसट होत नाहीत. ज्या रुग्णाला धाप लागली आहे, जो बहिरा आहे किंवा ज्याला बोललेली भाषा समजत नाही, त्याच्याकडून तो एक श्वास मिळविणे हेच खरे कौशल्य. किरण सेकंदाच्या अल्पशा अंशापुरतेच वाहतात. त्यांच्यासाठीची तयारी मात्र माणसाच्या मनापासून सुरू होते.

पट्टिकेच्या कोपऱ्यात शिशाचे एक लहानसे अक्षर ठेवलेले असते. ते उजवी किंवा डावी बाजू दाखविते. ही खूण क्षुल्लक वाटते. परंतु काही थोड्या लोकांचे हृदय जन्मतःच उजवीकडे असते, आणि अक्षर चुकले तर निरोगी माणसात वैगुण्य दिसेल किंवा खरे वैगुण्य झाकले जाईल. मोडलेले हाड कोणत्या पायाचे, पाणी कोणत्या फुप्फुसात, हे शस्त्रवैद्याला त्या अक्षरावरूनच कळावयाचे असते. म्हणून नाव विचारणे, कागदाशी ताडून पाहणे आणि बाजूची खूण ठेवणे या तीन गोष्टींत जाणता साहाय्यक कंटाळा करीत नाही.

या किरणांची दुसरी बाजू जगाला फार मोठी किंमत देऊन कळली. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली याने प्रयोगांच्या भरात आपले हात वारंवार किरणांपुढे धरले. व्रणांमागून कर्करोग आला, हात कापावे लागले, आणि १९०४ साली तो मृत्यू पावला. किरणांच्या पायी प्राण गमावलेल्या अशा अनेक डॉक्टरांचे, परिचारिकांचे व साहाय्यकांचे स्मारक १९३६ साली हॅम्बुर्ग येथील एका रुग्णालयाच्या आवारात उभारण्यात आले. दोष केवळ निष्काळजीपणाचा नव्हता. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, अंगावर पडताना ते चटकाही देत नाहीत. जे जाणवत नाही त्यापासून सावध राहावयास माणसाला शिकावेच लागते.

आजची ही शिकवण तीन शब्दांत सांगता येते : वेळ, अंतर आणि आडोसा. किरणांच्या सान्निध्यात कमीत कमी वेळ थांबावे. अंतर दुप्पट केले तर किरणांची तीव्रता चौथाई होते, म्हणून शक्य तितके दूर राहावे. आणि मध्ये शिशाचा पडदा, भिंत किंवा एप्रन असावा. साहाय्यकाच्या छातीवर, एप्रनच्या आत, एक लहानसा बिल्ला लावलेला असतो. त्यातील चकत्या अंगावर पडलेल्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि तापविल्या असता तितक्याच प्रमाणात प्रकाश देतात. दर तीन महिन्यांनी हा बिल्ला तपासून त्या माणसाच्या वाट्याला आलेल्या मात्रेची नोंद होते. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने, ज्याची स्थापना १९८३ साली झाली, अशा कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घालून दिलेली आहे. नियम पाळणाऱ्या विभागात सामान्यतः याहून फारच कमी मात्रा नोंदविली जाते. मात्र बिल्ला खुंटीला टांगून काम करणाऱ्यास तो काहीच सांगू शकत नाही.

रुग्णाच्या बाबतीत प्रश्न निराळा असतो. छातीच्या एका फोटोची मात्रा सुमारे एक दशांश मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी भरते. जमिनीतून, आकाशातून व हवेतून जगातील सामान्य माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट निसर्गतःच मिळतात. तेव्हा एका फोटोला भिण्याचे कारण नाही. छातीच्या सीटी स्कॅनची मात्रा मात्र अशा फोटोच्या कितीतरी पट असते. यातून निघणारे तात्पर्य साधे आहे : तपासणी आवश्यक असेल तर निःशंक करावी, नसेल तर हौसेने करू नये. तरुण स्त्रीला गर्भाची शक्यता विचारणे, मुलासाठी मात्रा कमी करणे, मुलाला धरावयाचे झाल्यास नातेवाइकाच्या अंगावर शिशाचा एप्रन चढविणे, ही साहाय्यकाचीच कामे. त्याचा प्रश्न आगाऊपणाचा नसतो. तो न जन्मलेल्या जिवाच्या वतीने विचारलेला असतो.

पूर्वी अंधाऱ्या खोलीत, मंद तांबड्या दिव्याखाली फिल्म धुतली जाई. किरण अधिक सोडले तर ती काळीठिक्कर निघे, आणि चूक सर्वांसमोर उघडी पडे. आता संगणकीय पट्टिकेने ती खोली बहुतेक ठिकाणी बंद केली. सोय झाली, पण तिच्यासोबत एक नवा मोह आला. मात्रा कमी पडली तर प्रतिमा दाणेदार दिसते. अधिक झाली तर संगणक ती सावरून सुंदर करून दाखवितो. म्हणजे तक्रार टाळावयाची असेल तर थोडे अधिकच किरण सोडणे सोयीचे. यंत्र एक आकडा दाखवून या आधिक्याची सूचना देते खरे; पण त्या आकड्याकडे पाहणारा डोळा आणि टोचणारे मन यंत्रात बसविलेले नसते.

यंत्रेही वाढली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हौन्सफील्डच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. त्यानंतर एमआरआय आले. त्यात क्ष-किरण नसतात, पण चुंबक असतो, आणि तोही पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट प्रबळ व सदैव जागा. यंत्र चालू नसताना तो झोपतो असे नाही. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर त्या दाराआत नेला तर तो तोफगोळ्यासारखा खेचला जातो. २०१८ साली मुंबईच्या एका रुग्णालयात असा सिलिंडर आत नेणाऱ्या एका तरुण नातेवाइकाचा बळी गेला. दारात उभे राहून खिसे, दागिने, शरीरातील धातूचे तुकडे यांची पुन्हा पुन्हा चौकशी करणारा साहाय्यक लोकांना कटकटीचा वाटतो. वस्तुतः तो त्यांचा पहारेकरी असतो.

एक कर्तव्य याहूनही अवघड आहे, ते मौनाचे. प्रतिमा पडद्यावर उमटते तेव्हा ती सर्वप्रथम साहाय्यकच पाहतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याला पुष्कळ कळतही असते. रुग्ण विचारतो, “काय दिसले हो?” या प्रश्नात सारी भीती भरलेली असते. परंतु निदान सांगण्याचा अधिकार त्याचा नाही. अर्धवट ज्ञानाने दिलेला दिलासा आणि अकारण घातलेली भीती, दोन्ही घातक. “डॉक्टर नीट पाहून सांगतील” एवढेच तो म्हणतो, आणि चेहरा स्थिर ठेवतो. मात्र फुप्फुसाबाहेर हवा कोंडून ते आक्रसल्याचे दिसले, तर तोच माणूस क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांना गाठतो. रुग्णापाशी मौन आणि डॉक्टरांपाशी तत्परता, या दोहोंत विरोध नाही; दोन्हींचे मूळ एकच आहे.

२०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यव्यवसायांसाठी जो कायदा केला, त्यात वैद्यकीय प्रतिमाशास्त्रातील व्यवसायांना स्थान मिळाले. शिक्षणाला मापदंड व व्यवसायाला नोंदवही मिळावी, हा त्याचा हेतू. कायदा पात्रता ठरवू शकतो; अंधुक प्रतिमा दुसऱ्यांदा घ्यावी लागू नये म्हणून आधीच घेतलेली काळजी तो मोजू शकत नाही. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालावर सही तज्ज्ञाची असते, आणि ते योग्यच आहे. पण त्या सहीखालच्या प्रत्येक शब्दाला आधार असतो तो एका नीट घेतलेल्या छायेचा, आणि त्या छायेमागे असतात ते हे दोन हात.