गावरस्त्यावरील वाहने : व्यापाऱ्यांनी जाणून घ्यावयाचे नियम



आपल्या सीमाभागातील बहुतेक गावांच्या जुन्या पेठा बैलगाडीच्या मापाने वसलेल्या आहेत. एका गाडीने दुसरीस वाट द्यावी, एवढीच त्या काळची गरज होती. आज त्याच पेठेत मालट्रक येतो. नियमाप्रमाणे त्याची रुंदी २.६ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे साडेआठ फूट असू शकते. समोरासमोर दोन ट्रक उभे राहिले, तर सतरा फूट रस्ता त्यांनीच व्यापला. मग शाळेच्या मुलांनी, आजाऱ्यास नेणाऱ्या गाडीने अथवा आगीच्या बंबाने जावे कोठून? हा प्रश्न आपल्याच दारात उभा असल्यामुळे याविषयीचे नियम प्रत्येक पेढीवर ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम एक सार्वत्रिक समजूत दूर केली पाहिजे. ‘दुकानासमोरील रस्ता दुकानदाराचा’ असे आपण बोलता बोलता मानून चालतो. वास्तविक जोत्याची हद्द संपली की आपली मालकी संपते. पुढील रस्त्यावर आपणांस जाण्यायेण्याचा हक्क आहे, तो अडवून ठेवण्याचा नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ हा सबंध देशास लागू आहे. त्यामुळे कागलहून निपाणीस आल्याने राज्य बदलते, तरी हा कायदा बदलत नाही. त्याच्या कलम १२२ अन्वये धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा स्थितीत वाहन सार्वजनिक जागी उभे ठेवता येत नाही. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. अडथळा प्रत्यक्ष झालाच पाहिजे असे नाही, तो होण्याचा संभव असणेही पुरेसे आहे. ट्रॅक्टर व त्याची ट्रॉली यांनाही हे कलम लागू पडते. कलम १२६ प्रमाणे चालकाच्या आसनावर परवानाधारक इसम नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे. इंजिन घरघरत ठेवून चहास जाणाऱ्या चालकास हे अवश्य सांगावे.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भेद पाहू. माल तत्काळ चढविण्या-उतरविण्यासाठी गाडी थांबविणे निराळे, आणि गाडी उभी करून ठेवणे निराळे. सोळा टन धान्य म्हणजे पन्नास किलोच्या ३२० गोण्या होत. हमालांची टोळी सज्ज असेल तर काम अखंड चालते, आणि गाडी मालासाठीच थांबली आहे असे म्हणता येते. परंतु हमाल यावयाचे आहेत, वखारीची किल्ली सापडत नाही, भावाची घासाघीस चालू आहे, अथवा चालक जेवावयास गेला आहे, या कारणांनी गाडी खोळंबली, तर ते उभे ठेवणेच ठरते. शिवाय माल उतरविण्याची सबब पुढे करून चौक, वळण, पूल किंवा पादचाऱ्यांची वाट अडविता येत नाही. बस-थांबा, शाळा व दवाखाना यांचे प्रवेशद्वार, दुसऱ्याच्या घराचे दार आणि उभ्या वाहनाची दुसरी बाजू, याही वर्ज्य जागा होत.

दंडाची बाजूही पाहावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहन चालविण्याविषयीच्या विनियमांचा भंग केल्यास मूळ कायद्यात ५०० ते १,००० रुपये दंड सांगितला आहे. मनाई असलेल्या जागी उभे केलेले, अथवा दहा तास वा अधिक बेवारशासारखे सोडलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकारी ओढून नेवू शकतो. तो खर्च वाहनमालकावर पडतो.

याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आपल्या स्वतःच्या वर्तनाविषयी आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ अन्वये, स्वतःच्या ताब्यातील वस्तूची व्यवस्था न ठेवता सार्वजनिक वाटेत कोणास अडथळा करणाऱ्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या दंड संहितेत हीच मर्यादा २०० रुपये होती. रस्त्यावर रचलेली गोण्यांची थप्पी, मध्येच मांडलेला काटा, सोडून ठेवलेली बैलगाडी, ही सर्व याच कलमाच्या कक्षेत येतात. तेथे दोष ट्रकचालकाचा नसून पेढीचा असतो.

मग माल उतरवावयाचा कोठे? याचेही उत्तर कायद्यातच आहे. कलम ११७ प्रमाणे राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी, स्थानिक संस्थेच्या विचाराने, वाहने उभी करण्याच्या जागा ठरवू शकतो. कलम ११५ अन्वये अवजड वाहनांना ठराविक वेळी बंदीही घालता येते. रस्त्यावरील अडथळे दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस कर्नाटकातील १९९३ च्या व महाराष्ट्रातील १९५८ च्या पंचायतविषयक कायद्याने दिलेला आहे. परंतु केवळ सरपंचांच्या तोंडी संमतीने जागा कायदेशीर होत नाही. यासाठी गावातील व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन पंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा. त्यात माल उतरविण्याची जागा, आठवडी बाजाराचा दिवस वगळून सोयीच्या वेळा आणि रस्त्याची मोजलेली रुंदी नमूद करावी. पंचायतीचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून रीतसर अधिसूचना व फलक यांची मागणी करावी. फलक लागल्यावर वाद उरत नाही, आणि परगावच्या चालकासही जागा विचारीत हिंडावे लागत नाही.

तोवर प्रत्येक पेढीने तीन गोष्टी पाळाव्यात. गाडी निघाल्याचा निरोप येताच हमालांस वेळ द्यावी. एका वेळी एकच गाडी पेठेत घ्यावी, व दुसरी गावाबाहेर मोकळ्या जागी थांबवावी. सुगीच्या दिवसांत एक माणूस केवळ वाट मोकळी ठेवण्यासाठी नेमावा. लग्नकार्यात व मंदिरातील उत्सवात येणाऱ्या पाहुण्यांच्या मोटारींसही हाच नियम लावावा, कारण शेजाऱ्याची अडचण निमित्त पाहून कमी होत नाही.

गावात ज्या पेढीचे वजन चोख, तिच्या शब्दास मान असतो. तिच्या दारातून शेजाऱ्याची गाडी विनासायास जात असेल, तर तो मान अधिकच पक्का होईल.