गुडघ्याची गोळी, पोटाला भुर्दंड

गुडघेदुखीवरचं संशोधन परदेशातच होतं, ही समजूत आता सोडावी. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघर पाहणी सुरू केली. तपासलेल्या ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं. ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो आमवात मात्र हजारात साधारण पाच जणांना. त्यामुळे गुडघा दुखला की आधी आमवाताची, म्हणजे ‘आरए’ची रक्ततपासणी, ही घाई बहुतेकांच्या बाबतीत फुकटच.

दुसरी समजूत जास्त नडते: ‘गुडघे झिजलेत, आता चालू नका.’ गुडघ्यातली कूर्चा म्हणजे बैलगाडीच्या चाकाची धाव नव्हे. ती जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं आणि त्यासाठी हालचाल लागते. मांडीचे स्नायू बळकट केले की दुखणं कमी होतं. वजन एक किलो उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

पण खरा घोटाळा गोळीपाशी आहे. ‘जेवून घेतली की पोटाला बाधत नाही’, ‘सुई घेतली तर पोटाचा संबंधच नाही’ हे शिकलेली माणसंही सांगतात. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षण करणारे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, आणि हे काम ती रक्तातून करतात. म्हणून औषध तोंडाने घ्या की दंडात टोचून घ्या, अल्सरचा धोका राहतोच. जेवणानंतर घेतल्याने जळजळ कमी होईल, एवढंच. वय साठीच्या पुढे असेल, आधी अल्सर झाला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

अल्सर तिखटाने होतो, हाही जुनाच समज. बिचारा ठेचा उगाच बदनाम आहे. मुख्य कारणं दोन: ही वेदनाशामकं आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतःच पिऊन पाहिला. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं.

‘मग आयुर्वेदिकच घेऊ, त्याला साइड इफेक्ट नसतो.’ हेही डॉ. चोप्रांच्याच चमूने तपासलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांना २४ आठवडे औषधं दिली. सुंठ, गुळवेल वगैरेंची मिश्रणं सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि ग्लुकोसामाइन यांच्या तोडीची ठरली, ही चांगलीच गोष्ट. पण आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काहींच्या रक्तातलं, यकृताची तब्येत दाखवणारं एसजीपीटी वाढलं आणि औषध थांबवल्यावर उतरलं. शिवाय नुसत्या साध्या, औषध नसलेल्या गोळीशी तुलना या चाचणीत नव्हती. अमेरिकेत २००६ मध्ये तशी तुलना झाली, तेव्हा ग्लुकोसामाइन एकूण रुग्णांत फारसं सरस ठरलं नव्हतं. तेव्हा काढा असो वा चूर्ण, औषध म्हणून घ्यायचं तर औषधासारखंच तपासून घ्या. लेबल नसलेली पुडी तर घेऊच नका.

वेदनाशामक सुरू असताना शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं, तर ती रक्तस्रावाची खूण असू शकते. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.