मीटरला खोटं बोलता येत नाही

जामखेडात कुणी चालती पिठाची गिरणी विकायला काढली आणि घेणारा जाणता असला, तर तो जातं बघण्याआधी वर्षभराची लाइटबिलं मागेल. विकणारा दिवसाला किती पायल्या दळण होतं ते रंगवून सांगेल, पण मीटर त्याच्या तोंडाकडे बघून फिरत नाही.

हाच गिरणीवाल्याचा हिशेब २०२५ मध्ये शेअर बाजारातल्या एका कंपनीला लागू झाला, हे वाचलं तेव्हा मी चकित झालो. कंपनी जेनसोल इंजिनिअरिंग. सौरऊर्जेची कामं आणि विजेवरच्या गाड्या भाड्याने देणं, हा तिचा धंदा. २८ जानेवारीला तिने बाजाराला कळवलं की आपल्या नव्या विजेच्या गाडीला ३० हजार नगांची आगाऊ मागणी आली आहे. कारखाना चाकणला. ९ एप्रिलला एनएसई या शेअर बाजाराचा माणूस तिथे प्रत्यक्ष गेला, तर आत दोन-तीन कामगार! उत्पादन काहीच नाही. त्याने महावितरणची बिलं मागितली. त्यातलं सगळ्यात मोठं बिल डिसेंबर २०२४ चं होतं : १,५७,०३७ रुपये १ पैसा. त्यातही स्थिर आकार यंत्र चालो न चालो लागतोच. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने १५ एप्रिलच्या अंतरिम आदेशात ही रक्कम पैशासकट छापली. तो एक पैसा मला फार आवडतो.

मग ती ३० हजारांची मागणी? सेबीने कागद तपासले, तर नऊ संस्थांशी २९ हजार गाड्यांचे सामंजस्य करार निघाले. त्यांत ना किंमत, ना गाडी कधी देणार याची तारीख. आपल्याकडे याला बोलणी म्हणतात. सुपारी फुटली असं कुणी म्हणणार नाही.

पुढचं गणित पाटीवर मांडता येईल इतकं सोपं आहे. ६,४०० गाड्यांसाठी इरेडा आणि पीएफसी या सरकारी वित्तसंस्थांकडून ६६३.८९ कोटींचं कर्ज घेतलं. एकूण खर्चातले २० टक्के कंपनीने स्वतःचे घालायचे, म्हणजे एकूण सुमारे ८३० कोटी. गाड्या घेतल्या ४,७०४, आणि विकणाऱ्याने सांगितलेली त्यांची किंमत ५६७.७३ कोटी. उरलेल्या २६२ कोटींचा मेळ बसेना. सेबीच्या म्हणण्यानुसार कर्जाच्या पैशाचा माग गुरुग्राममधल्या एका आलिशान फ्लॅटपर्यंत आणि २६ लाखांच्या गोल्फच्या साहित्यापर्यंत जातो.

पण सगळ्यात थक्क करणारा भाग पत्रांचा. पतमानांकन संस्थांनी कर्जफेडीबद्दल विचारलं, तेव्हा कंपनीने हप्ते वेळेवर चालले आहेत अशी कर्जदात्यांची पत्रं दिली. संस्थांनी थेट कर्जदात्यांनाच विचारलं. उत्तर आलं, आम्ही असं पत्र दिलेलंच नाही. मार्च २०२५ च्या सुरुवातीला केअर आणि इक्रा या दोन्ही संस्थांनी मानांकन थेट ‘डी’वर आणलं. डी म्हणजे कर्ज थकलं. त्याच महिन्यात कंपनीने एका शेअरचे दहा करायचं जाहीर केलं. भाकरीचे दहा तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही, पण तुकडा स्वस्त दिसतो आणि गिऱ्हाईक वाढतं. सेबीने हे विभाजन थांबवलं.

आता जामखेडात बसून चाकणचं लाइटबिल मागता येणार नाही, हे खरं. पण कंपनीचं बोलणं पडताळता येईल असे इतर कागद मोबाइलवर फुकट दिसतात. मानांकन संस्थेचं पत्रक वाचता येतं. वार्षिक अहवालातला रोख प्रवाहाचा तक्ता बघता येतो : नफा दरवर्षी वाढतोय आणि गल्ल्यात रोकड येत नाही, तर माल उधारीवर जातोय की कागदावरच, हे उधारीची वही ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानदाराला कळेल. लेखापरीक्षक मुदतीआधी सोडून गेला, तर त्याचं राजीनामापत्रही बाजाराच्या संकेतस्थळावर येतं. कारण ‘वैयक्तिक’ असलं तर मी दोनदा वाचतो.

आणि भागधारणेचा तक्ता, दर तिमाहीचा. प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत, तेही त्यातच. जेनसोलमध्ये प्रवर्तकांचा हिस्सा २०१९-२० मध्ये ७० टक्क्यांच्या वर होता, मार्च २०२५ ला तो सुमारे ३५ वर आलेला. त्याच तक्त्यात खाली सामान्य भागधारकांची संख्या असते. ती तोवर १ लाखाच्या पुढे गेली होती.