चावीचा यंत्रमानव आणि आपली तिजारत

पन्नाशीच्या आसपास आलेल्या आपल्या व्यापारी बांधवांना दूरदर्शनवरचा ‘जायंट रोबोट’ आठवत असेल. १९८० च्या दशकात ही मालिका लागायची तेव्हा सातारा काय किंवा सांगली काय, ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात मोहल्ल्यातली सारी पोरे जमायची. संवाद इंग्रजी. आम्हा उर्दू शाळेतल्या मुलांना त्यातले एक अक्षर कळत नसे. पण एक लहान मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलतो आणि डोंगराएवढा यंत्रमानव त्याचा हुकूम पाळतो, एवढे समजायला भाषा कशाला लागते? आम्ही काड्यापेटीचे घड्याळ करून हाताला बांधत होतो. मूळ मालिका जपानची, १९६७-६८ सालची, अवघ्या २६ भागांची. शेवटच्या भागात तो यंत्रमानव पहिल्यांदाच हुकूम मोडतो, शत्रूला उचलून आकाशात नेतो आणि त्याच्याबरोबर स्वतःही संपतो. त्या दिवशी रडली नाहीत अशी पोरे आमच्या मोहल्ल्यात थोडीच असतील.

खेळणे मात्र हाती येत नव्हते. परदेशी खेळण्यांच्या आयातीवर तेव्हा कडक निर्बंध होते. मिरजेच्या उरुसात पत्र्याचा टिकटिक बेडूक आणि वातीवर चालणारी फटफट बोट मिळे. जपानी रोबो पाहायचा तर सौदी-कुवेतहून कोणी आलेले असावे लागे. तोही शोकेसच्या काचेआड. हात लावायची मुभा नसे. गल्फमध्ये ‘ग्रेंडायझर’ या जपानी यंत्रमानवाची मालिका अरबी भाषेत दाखवली गेली होती आणि तिकडची एक पिढी त्याच्यावर फिदा होती. २०२२ साली रियाधमध्ये त्याचा सुमारे ३३ मीटर उंचीचा पुतळा उभारला गेला. लहानपणाची आवड पुढे किती मोठा बाजार उभा करते, हे यावरून समजावे.

आता धंद्याचे बोलू. ही जपानी खेळणी आली कुठून? १९४५ साली युद्धात जपान बेचिराख झाला. पत्रा नाही, कारखाने नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस मात्सुझो कोसुगे नावाच्या कारागिराने अमेरिकन फौजेने टाकलेले खाण्याचे रिकामे डबे गोळा केले, ते कापून-ठोकून छोटी जीपगाडी बनवली आणि ती क्योटोच्या एका दुकानात विकायला ठेवली. लोकांच्या रांगा लागल्या. तेथून पत्र्याच्या खेळण्यांचा धंदा पुन्हा उभा राहिला. प्रथम चावीची, मग सेलवर चालणारी मोटार, विमान आणि यंत्रमानव बोटीत भरून अमेरिकेला जाऊ लागले. सुरुवातीच्या काही वर्षांच्या मालावर ‘ताब्यातील जपानमध्ये बनलेले’ अशा अर्थाचा शिक्का मारावा लागे. तो अपमान गिळून त्यांनी माल पाठवला.

हे वाचताना आम्हाला आपले पत्र्याचे काम करणारे कारागीर आठवतात. रॉकेलच्या आणि डालड्याच्या डब्यांपासून चिमणी, नरसाळे, मापे, शेगडी करणारे हात आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात होते. हुनर तोच, कच्चा माल तोच. फरक एवढाच की त्यांच्या मालाला परदेशचे गिऱ्हाईक आणि पाठीशी घाऊक व्यापारी मिळाला. आपल्या कारागिराला प्लॅस्टिकने गाठले तेव्हा त्याच्या पाठीशी कोणी नव्हते. आम्ही व्यापारीही नव्हतो.

दुसरी गोष्ट खास कापडवाल्यांसाठी. आज जगातल्या मोठ्या खेळणी कंपन्यांत गणली जाणारी ‘बांदाई’ नाओहारु यामाशिना यांनी १९५० साली सुरू केली. ते मूळचे कापडाच्या घाऊक धंद्यातले. खेळण्यांत कमाई आहे असे त्यांनी शेजाऱ्याकडून ऐकले आणि कानाझावा सोडून टोकियो गाठले. पहिला माल रबरी चेंडू, मग पत्र्याच्या गाड्या. १९७२ साली ‘माझिंगर झेड’ ही यंत्रमानवाची चित्रमालिका आली, तेव्हा त्यांच्याच पोपी या कंपनीने त्या यंत्रमानवाचे धातूचे वजनदार खेळणे १९७४ साली बाजारात आणले. मालिका पाहून मुलगा खेळणे मागतो, खेळणे हातात असलेला मुलगा पुढचा भाग चुकवत नाही. तिजारतीची ही गाठ त्यांनी पक्की बांधली.

पुढे उलटा प्रवाहही सुरू झाला. ताकारा या जपानी कंपनीची मोटारीचा माणूस होणारी खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रोने उचलली आणि १९८४ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने विकली. २००७ साली त्यावर निघालेल्या चित्रपटाने जगभरात ७० कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. म्हणजे आधी खेळणे, नंतर चित्रपट. अर्थात दर वेळी जमतेच असे नाही. २०२४ सालचा ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ अपेक्षेइतका चालला नाही. पाच सिंह जोडून एक यंत्रमानव बनवणाऱ्या ‘व्होल्ट्रॉन’वरील मोठ्या चित्रपटाचे चित्रीकरण संपल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. हेन्री कॅव्हिल त्यात आहे. आमच्या मनातला चित्रपट मात्र ‘जायंट रोबोट’चाच. तो निघावा, आणि नातवांना घेऊन पाहावा, एवढी हौस बाकी आहे.

अशा चित्रपटांचा आपल्या पेठेशी संबंध काय, असे कोणी विचारील. खण आळीतल्या किंवा कापड पेठेतल्या लहान मुलांच्या तयार कपड्यांच्या दुकानात विचारून पाहावे. पडद्यावरचा यंत्रमानव ईदच्या आधी टी-शर्टच्या छातीवर येतो आणि मूल दुसऱ्या कपड्याकडे पाहतही नाही. पण येथेच सावध राहायला हवे. ते चित्र कोणाच्या तरी मालकीचे असते. परवान्याशिवाय छापलेला माल विकणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. माल स्वस्त पडतो म्हणून बंडल उचलायचे आणि छापा पडला की घाऊकवाल्याचा फोन लागत नाही, असा अनुभव आमच्या ओळखीच्या दुकानदारांनी घेतला आहे. पक्के बिल घ्यावे आणि छपाईवाल्याकडे परवान्याची प्रत मागावी. देत नसेल तर साध्या रेघांचा टी-शर्ट बरा.

खेळण्यांच्या बाजूनेही वारे बदलले आहे. २००१ साली आयातीवरील उरलेसुरले संख्येचे निर्बंध उठले आणि चिनी खेळण्यांनी जत्रा-उरूस भरून गेले. त्यानंतर २०२० साली खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्के झाले, २०२३ साली ७० टक्के. २०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. ही गोष्ट आपल्या कारागीर बांधवांपैकी किती जणांना ठाऊक आहे? नोंद नसेल तर सूटही नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी रंगीत खेळणी आज देशभर जातात. तेथे बावस मियाँ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी जपानी पद्धती आणल्या असे सांगितले जाते. आपल्याकडे पत्र्याचे काम जाणणारे म्हातारे हात अजून काही आहेत. एखाद्या व्यापाऱ्याने त्यांच्याकडून फटफट बोटीची शंभर नगांची ऑर्डर देऊन पाहावी. उरुसाचा हंगाम दूर नाही, आणि शंभर बोटींत अडकणारी रक्कम एका कापडाच्या ताग्याहून फार मोठी नसेल.

आणखी एक. घरात माळ्यावर कोणाच्या मामू-चाचूंनी आणलेला जुना जपानी रोबो असेल तर तो भंगारवाल्याला किलोवर देऊ नये. दुर्मीळ नमुन्यांना परदेशच्या लिलावात लाखो रुपये येतात. गंज घासू नये, नवा रंग लावू नये, आणि त्याचे मूळ खोके असेल तर ते आधी सांभाळावे. खोक्यासह आणि खोक्याशिवाय, या दोन किमतींत मोठे अंतर असते.