सही करण्यापूर्वी

पहिलीच्या वर्गात पाटीवर आपण जे शब्द प्रथम गिरवतो, त्यांत स्वतःचे नाव असते. पुढे दहा वर्षे प्रत्येक वहीवर आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेवर ते लिहीत असताना त्या अक्षरांना काही वजन आहे, असे आपल्याला कधी भासत नाही. वही खराब झाली तर नवी आणावी, उत्तर चुकले तर खोडावे. परंतु तेच नाव एखाद्या कर्जाच्या, जामिनाच्या किंवा विम्याच्या कागदाखाली लिहिले की त्याची सही होते, आणि सही खोडता येत नाही. व्याकरण, भूमिती, नागरिकशास्त्र इतके सारे शिकविणाऱ्या अभ्यासक्रमात या एका गोष्टीसाठी तास नाही. म्हणून या लेखाचा प्रपंच.

विद्यार्थिमित्रहो, आज तुमच्यापैकी बहुतेकांची सही कोणत्याही कराराने तुम्हाला बांधू शकत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे करार करणारा मनुष्य सज्ञान असावा लागतो, आणि १८७५ च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण होताच तो सज्ञान होतो. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने घर गहाण ठेवून कर्ज काढले होते. तो खटला थेट विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०३ मध्ये निर्णय झाला की, अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य होय. हे संरक्षण अठराव्या वाढदिवसाचा आरंभ होताच संपते. त्या दिवसाच्या आरंभाचा उल्लेख कायद्याने आवर्जून केला आहे. आदल्या दिवशी ज्या सहीला किंमत नव्हती, तीच दुसऱ्या सकाळी माणसाला वीस वर्षे बांधून ठेवू शकते. आणि मधल्या एका रात्रीत कोणी त्याला काही शिकविलेले नसते!

सही मूळची कशासाठी, हे जुन्या कागदांवरून चांगले समजते. मोडी दप्तरांत, लिहिता न येणारा कुणबी कागदाखाली नांगराचे चित्र काढी आणि लेखक त्याच्या शेजारी ‘निशाणी नांगर’ असे लिही. बलुतेदार आपापल्या धंद्याचे हत्यार काढीत. पुढे इंग्रजी अमदानीत नांगराची जागा अंगठ्याने घेतली; ‘नि. डा. अं.’, म्हणजे निशाणी डावा अंगठा, ही अक्षरे पुष्कळांच्या घरच्या जुन्या खतांवर आजही पाहावयास मिळतील. बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर उठवून घेतला. हा कागद माझा नव्हेच, असे पुढे त्याला म्हणता येऊ नये, हा त्यातील हेतू. दुसऱ्या बाजूने पाहा: मराठेशाहीतील पत्रांच्या शेवटी, मजकूर जेथे संपला तेथे मोर्तब, म्हणजे मर्यादेची मुद्रा उठवीत. तिच्यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, असा तिचा अर्थ. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातील मोर्तबाचे काम मात्र विसरून गेलो आहोत. ठसा सही करणाऱ्याला बांधतो, मोर्तब त्याचे रक्षण करते. आजच्या छापील फॉर्मवर सही करताना पहिली गोष्ट आपोआप घडते. दुसरी आपली आपणच करावी लागते.

कायद्याचे गृहीत असे की, ज्याने सही केली त्याने कागद वाचला. ‘मी वाचले नव्हते’ ही सबब न्यायालयात सहसा टिकत नाही. फसवणूक झाल्याचे सिद्ध करता आले तर करार रद्द करवून घेता येतो हे खरे; पण ते सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर असतो, आणि साधी काळजी घेतली असती तर सत्य कळले असते, असे दिसल्यास त्याची बाजू पुष्कळ लंगडी पडते.

आपल्या सीमाभागात या वाचण्याला एक निराळीच अडचण आहे. घरात मराठी, शाळेत मराठी, आणि सहीसाठी पुढे येणारा कागद कानडी नाही तर इंग्रजी. त्यातही कानडीचे शब्द कानाला ओळखीचे वाटतात, म्हणून अधिक फसवतात. कानडीत ‘साल’ म्हणजे वर्ष नव्हे, कर्ज. ‘सालगार’ म्हणजे कर्जदार. ‘साक्षी’ आणि ‘सही’ हे शब्द मात्र आपल्यासारखेच, आणि ‘जामीनुदार’ कोण हे मराठी माणसाला सांगावयास नको. एवढे चार शब्द ओळखण्यापुरती कानडी लिपी येणे ही खानापूर किंवा बेळगावकडील मुलांच्या दृष्टीने केवळ भाषेची हौस नव्हे, घराचे रक्षण आहे. कागद समजला नाही तर त्याची प्रत घरी नेऊन जाणत्याकडून वाचवून घ्यावी. ‘आताच सही करा, साहेब निघाले आहेत’ असे म्हणणाऱ्याला उद्या येतो म्हणून सांगण्यात काहीच अशिष्ट नाही. सही मराठीत केली तरी ती पूर्ण कायदेशीर असते, हेही येथेच सांगून टाकतो. बँकेत दिलेल्या नमुन्याशी ती जुळली म्हणजे झाले. सही इंग्रजीतच हवी, हा आपल्याकडील समज निराधार आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू, कारण घरे मोडतात ती बहुधा स्वतःच्या कर्जाने नव्हेत, दुसऱ्याच्या कर्जावरील सहीने.

एक उदाहरण घेऊ. उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यात दोघे जण शेजारच्या यंत्रांवर बारा वर्षे काम करीत आहेत. डबा एकत्र खातात, एकमेकांच्या घरच्या बारशाला जातात. एक दिवस एक जण म्हणतो, ‘दादा, सोसायटीतून तीन लाख घेतो आहे. तुमची नुसती सही पाहिजे. हप्ते मी भरणार, तुम्हाला एक पैचीही तोशीस नाही.’ दादा सही करतात. न करावी तर बारा वर्षांचा स्नेह तुटतो. वर्षभर हप्ते जातात. मग तो मित्र नोकरी सोडतो, गाव सोडतो, दूरध्वनी घेईनासा होतो. सोसायटीची नोटीस येते ती दादांना. लवकरच दादांच्या पगारातून कपात सुरू होते, कारण तशी संमतीही त्या कागदांच्या गठ्ठ्यात त्यांनी सही करून दिलेली असते. मुलगी बारावीला आहे, पुढच्या शिक्षणासाठी साठविलेली रक्कम हलू लागते. हे उदाहरण कोणा एकाचे नव्हे; परंतु अशी घरे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असतील.

अशा वेळी दादा म्हणतात, ‘आधी त्याला पकडा, त्याच्याकडून मिळाले नाही तर माझ्याकडे या.’ व्यवहारबुद्धीला हे अगदी रास्त वाटते, पण कायदा असे म्हणत नाही. करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच, तिच्या बरोबरीची असते. कागदात वेगळे लिहिलेले नसेल तर देणेकऱ्याने हप्ता चुकविताच सावकाराला सरळ जामीनदाराकडे जाता येते; आधी कर्जदारावरचे सारे उपाय थकविण्याचे बंधन त्याच्यावर नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये हे स्पष्ट केले. न्यायालयाचे म्हणणे असे की, जामीन घेण्याचा हेतूच मुळी कर्जदाराच्या मागे धावावे लागू नये हा आहे. ‘नुसती सही’ हे शब्द म्हणूनच मला मराठीतील अत्यंत महाग शब्दांपैकी वाटतात.

जामीनदार दोन किंवा तीन असले म्हणजे जबाबदारी वाटली जाते, हाही असाच एक गोड गैरसमज. जामीनदारांनी आपसांत ती सारखी वाटून घ्यावी हे खरे. परंतु संयुक्त व पृथक जबाबदारी लिहून दिली असेल, आणि छापील जामीनखतात ती बहुधा असतेच, तर संस्था सर्व रक्कम एकाच जामीनदाराकडून वसूल करू शकते. ज्याची नोकरी पक्की आणि पत्ता ठरलेला, तो प्रथम सापडतो.

कायद्याने जामीनदाराला अगदीच उघड्यावर सोडलेले नाही. त्याने भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क त्याला आहे, आणि सारे कर्ज त्याने फेडले तर सावकाराजवळ असलेले तारणही त्याला मागता येते. कर्जाच्या अटी त्याला न विचारता बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारापुरता तो मुक्त होतो. परंतु गावातून परागंदा झालेल्या माणसाविरुद्ध मिळविलेला हुकूमनामा घेऊन करावयाचे काय? आणि तो अटींविषयीचा हक्क तर आपण आधीच सोडून दिला आहे, असे कलम जामीनखतात पुष्कळदा बारीक अक्षरांत छापलेले असते. मोर्तब नसलेल्या पत्राचीच ही गत.

मग जामीन राहूच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. आपल्या समाजात भावाने भावाला आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला आधार दिला म्हणून कित्येकांचे धंदे उभे राहिले, मुली शिकल्या. प्रश्न एवढाच स्वतःला विचारावा की, ही सगळी रक्कम व्याजासह उद्या मला भरावी लागली तर माझे घर उभे राहील काय? राहणार असेल तर खुशाल सही करावी. नसेल तर, जेवढी रक्कम परत न आली तरी चालेल तेवढी रोख मदत म्हणून हाती द्यावी आणि जामीन नाकारावा. स्नेह तुटण्याची भीती असते. पण नोटीस आल्यावरही तो टिकतो असे नाही. सही करायचीच ठरली तर जामीन एकाच कर्जापुरता आहे की पुढील कर्जांनाही लागू होणारा चालू जामीन आहे, हे विचारून घ्यावे. चालू जामीन असेल तर पुढच्या व्यवहारांपुरता तो लेखी नोटिशीने मागे घेता येतो. आपण जामीन राहिलेले बँकेचे कर्ज आपल्या पतनोंदीतही दिसते, आणि पुढे स्वतःच्या घरासाठी कर्ज मागताना ते आडवे येऊ शकते.

साक्षीदाराची गोष्ट अगदी वेगळी. अमक्याने माझ्यासमक्ष सही केली, एवढेच साक्षीदार सांगतो. मजकुराची हमी तो देत नाही. मृत्युपत्राला तर किमान दोन साक्षीदार लागतातच, तेव्हा शेजारधर्म म्हणून ही सही देण्यास हरकत नसावी. मात्र ‘साक्षीला या’ म्हणून बोलावून जामीनदाराच्या रकान्यावर बोट ठेवले जात नाही ना, हे पाहावे. आणि आपल्या डोळ्यांदेखत झाली नाही अशा सहीवर साक्ष घालणे हा खोटेपणाच होय.

कोऱ्या कागदावर सही करू नये, हे सर्वांना ठाऊक असते. तरी कोरे धनादेश सर्रास दिले जातात. १८८१ च्या कायद्याप्रमाणे, सही करून स्वेच्छेने दिलेल्या कोऱ्या धनादेशात घेणाऱ्याने रक्कम भरली तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला असे गृहीत धरले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा सांगितले. ते गृहीत चूक ठरविण्याचा भार सही करणाऱ्यावर. खात्यात पैसे नसल्याने धनादेश परत गेला आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फॉर्ममधील रिकाम्या रकान्यांत आडवी रेघ ओढावी, रकमेच्या आकड्यापुढे जागा ठेवू नये, ओळखपत्राच्या प्रतीवर ती कशासाठी दिली ते व तारीख लिहून मगच सही करावी. आजचे मोर्तब ते हेच.

विम्याचा फॉर्म बहुधा एजंट भरतो आणि आपण खाली सही करतो. प्रकृतीविषयीच्या प्रश्नांपुढे त्याने ओळीने ‘नाही’ लिहिले, तर ती उत्तरे आपली ठरतात, आणि वडिलांचा मधुमेह लपविला गेला म्हणून तीन वर्षांच्या आत आलेला दावा नाकारला जाऊ शकतो.

अलीकडे सहीने पुन्हा रूप बदलले आहे. आधारच्या यंत्रावर ठेवलेला अंगठा आणि दूरध्वनीवर येणारे सहा आकडे यांनाही आता सहीचे काम दिले जाते; २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता आहे. घरातील वडील मंडळी ते आकडे वाचून दाखविण्यासाठी दूरध्वनी मुलांच्याच हाती देतात. तेव्हा, मुलांनो, आकडे सांगण्यापूर्वी त्यांच्या मागेपुढे लिहिलेली ओळ आजीला मराठीत समजावून सांगा. तिच्या सहीच्या वेळी तेथे तुम्हीच तेवढे लेखक असता.

शेवटी एक बाब घरातील मोठ्यांसाठी. जामीनदार वारला म्हणून आधी झालेले देणे बुडत नाही. त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून ते वसूल होऊ शकते आणि वारसांना, मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत, ते द्यावे लागते. त्या वेळी बायकामुलांना कागदाचा पत्ताच नसतो. यासाठी घरात एक वही ठेवावी. कोणासाठी, कोणत्या संस्थेत, किती रकमेसाठी आणि कोणत्या तारखेस सही केली ते तीत लिहावे, जामीनखताची प्रत मागून घेऊन सोबत ठेवावी, आणि कर्ज फिटल्यावर ‘बाकी नाही’ असा संस्थेचा लेखी दाखला त्याच पानाला टाचावा.