शमुएल, सामुएल आणि समाजी



आपल्या मॉरिशस बेटावर सामुएल हे नाव ख्रिस्ती घरांत आढळते. हेच नाव एकेकाळी कोकणात 'समाजी' झाले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून आज आपण या नावाची कुळकथा पाहू.

मूळ हिब्रू नाव शमुएल. त्याची गोष्ट बायबलच्या जुन्या करारात आहे. हन्नाला मूल नव्हते. शिलो येथील देवस्थानात ती मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. एली पुरोहिताला वाटले, बाई मद्य प्यालेली दिसते! तिने आपले दुःख सांगितले तेव्हा त्याने आशीर्वाद दिला. पुढे मुलगा झाला. देवाजवळ मागून घेतला म्हणून तिने त्याचे नाव शमुएल ठेवले. आपल्याकडचे नवसाचे मूलच म्हणा ना!

आता अर्थ पाहू. हिब्रूत 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव. यावरून पुष्कळ अभ्यासक 'देवाचे नाव' असा अर्थ करतात. 'शामा' म्हणजे ऐकणे, म्हणून 'देवाने ऐकले' असाही अर्थ सांगितला जातो. पण त्या धातूतील शेवटचे कंठ्य अक्षर या नावात नाही. 'मागितलेला' याला तर हिब्रूत 'शाऊल' हा शब्द आहे. म्हणजे आईने सांगितलेला अर्थ व्याकरणात नीट बसत नाही. तरी घरोघरी तोच टिकला, कारण त्यामागे आईची कथा आहे.

कोकणात हे नाव बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजात होते. तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. गावांवरून त्यांची आडनावे पडली. शमुएलचे समाजी झाले, एझेकिएलचे हसाजी झाले. इंग्रजांच्या पलटणीतील अधिकारी समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. तेथील सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांचीच आठवण सांगते. नावाला मराठी 'जी' जोडला गेला, पण ते कोणाचे व कशासाठी, हे त्या घरांनी विसरू दिले नाही.

आपले पूर्वज १८३४ नंतर त्याच कोकणातून जहाजाने येथे आले. कारकुनांनी कानाला ऐकू आले तसे लिहिले. लक्ष्मणचे लक्सिमन झाले, आणि पणजोबांचे नाव आपले आडनाव झाले. अक्षरे बदलली याचे आम्हांला फारसे दुःख नाही. वर्गातल्या मुलाला आपल्या आडनावाचा अर्थ विचारला आणि ते गप्प राहिले, की मात्र मन खट्टू होते.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदी जपलेल्या आहेत. पण नावामागची कथा नोंदवहीत नसते. ती आजी-आजोबांजवळ असते. ती आहेत तोवर विचारून घ्या आणि मुलांना सांगा.